पाणी स्वच्छ दिसतंय, तरी मासे का गेले?

पुण्यातल्या बाणेरच्या एका सोसायटीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. अडीच फुटी फिशटँक (३० × १२ × १५ इंच) बसवून दोन आठवडे झाले. दुसऱ्याच दिवशी त्यात आठ निऑन टेट्रा, दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि एक सकर सोडला. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. दुकानदाराने सांगितलं, निम्मं पाणी बदला, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा आणि निळं औषध टाका. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद होतं, पण सोसायटीच्या नळाला पाणी येत होतं, म्हणून त्याच संध्याकाळी हे सगळं उरकलं. पाणी बरंच निवळलं. सकाळी पाच निऑन तळाशी पडलेले. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आधी १४० दाखवत होता, आता ४३० दाखवतोय. "पाणी बदलल्यावर मासे सुधारायला हवेत, ते उलट मेले कसे?" असा प्रश्न आहे.

तुम्ही दोन आकडे आणि एक वार लिहिलात, त्यामुळे निदान करणं सोपं झालं. टँकमध्ये १४० टीडीएसचं पाणी होतं. त्यातलं निम्मं काढून नवं घातल्यावर ते ४३० झालं. म्हणजे नवं पाणी साधारण ७२० टीडीएसचं असलं पाहिजे. खडकवासल्याचं पाणी ७२० नसतं. गुरुवारी पालिकेचा पुरवठा बंद असताना सोसायटीच्या टाकीत जे आलं ते टँकरचं किंवा सोसायटीच्या बोअरचं. तुमच्या माशांना त्या संध्याकाळी संपूर्णपणे वेगळ्या जातीचं पाणी मिळालं, आणि तेही टँकमध्ये अमोनिया साठलेला असताना. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आल्या असत्या तर बहुतेक मासे तगले असते. एकत्र आल्या म्हणून रात्रीत गेले.

आधी अमोनियाबद्दल, कारण मुळाशी तोच आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांमधून टाकतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. किती पडते याचा अंदाज येण्यासाठी एक हिशोब करून बघा. बाजारात मिळणाऱ्या दाणेदार खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं धरली तर एका ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम प्रथिनं झाली. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. यातलं निम्मं जरी अमोनियाच्या रूपात पाण्यात आलं तर ३२ मिलिग्रॅम. तुमच्या टँकचं माप बघता तो काठोकाठ ८८ लिटरचा आहे. खडे आणि वरची मोकळी जागा वजा करता त्यात ७५ लिटर पाणी असेल. म्हणजे रोज एक ग्रॅम खाद्य घातलं तर अमोनिया प्रतिलिटर ०.४ मिलिग्रॅमने रोज वाढणार. घरात मुलं असतील आणि प्रत्येक जण येताजाता चिमूट टाकत असेल तर एक ग्रॅम कधीच ओलांडला जातो.

जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये हा अमोनिया टिकत नाही. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, खड्यांवर जीवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात असलं तरी माशांना चालतं, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. याला छंदी लोक 'सायकल' म्हणतात. नव्या टँकमध्ये हा थर नसतो. तो तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण हे जीवाणू फार सावकाश वाढतात. कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे साधे जीवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात, तर या नायट्रीकरण करणाऱ्यांना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो. तुमचं पाणी दुधाळ झालं ते या पहिल्या, भराभर वाढणाऱ्या जीवाणूंमुळे. नव्या टँकमध्ये ही अवस्था येतेच म्हणा ना. चार-आठ दिवसांत ती आपोआप ओसरते. त्यावर औषध लागत नाही, फिल्टर धुवावा लागत नाही. फक्त खाद्य कमी करायचं आणि एअर पंप चालू ठेवायचा, कारण हे जीवाणू प्राणवायू खातात.

आता पुण्याच्या पाण्याकडे येतो. पुण्यात टँक ठेवणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं, असं मला फार मनापासून वाटतं. टँकविषयी जे काही वाचायला मिळतं ते एकाच नळाला वर्षभर एकसारखं पाणी येतं असं गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं आहे. ते हलकं असतं, क्षार कमी. खराडी-वडगावशेरीच्या बाजूला भामा आसखेडचं येतं, पिंपरी-चिंचवडला पवनेचं. तेही धरणाचंच. याउलट बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. टीडीएस सहज ५०० च्या वर. बाथरूमच्या नळांवर पांढरे थर बसतात ते याचेच. बाणेर, बालेवाडी, वाघोली, उंड्री या बाजूच्या कित्येक सोसायट्यांत ही दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतात. कधी तीन भाग धरणाचं आणि एक भाग बोअरचं किंवा टँकरचं, तर मे महिन्यात नेमकं उलटं. नळ तोच, पाणी रोज निराळं.

माशांच्या दृष्टीने या दोन पाण्यांत सर्वात मोठा फरक पीएचचा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो फारसा त्रास देत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो आणि कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २७ अंशांना पीएच ६.९ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ झाला की तोच सहा टक्के होतो.

तुमच्या टँकचे त्या दिवशीचे आकडे आपल्याकडे नाहीत, पण तशा परिस्थितीत जे घडतं ते उदाहरणाने सांगतो. समजा पाणी बदलण्यापूर्वी एकूण अमोनिया प्रतिलिटर २ मिलिग्रॅम होता आणि पीएच ६.९. मुक्त अमोनिया झाला ०.०१. माशांना बरं वाटत नसेल, पण ते जगतात. ०.०२ च्या खाली ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे. मग निम्मं पाणी बदललं. एकूण अमोनिया निम्म्यावर आला, १ मिलिग्रॅम. पण बोअरच्या पाण्याने पीएच ८ वर नेला. मुक्त अमोनिया ०.०६. म्हणजे अमोनिया निम्मा झाला आणि विष सहापट. पाणी बदलल्यावर मासे मेले, असं मला कुणी सांगतं तेव्हा मी सर्वात आधी विचारतो ते हेच: पाणी कुठलं होतं?

रात्रीतच का, यालाही कारण आहे. बोअरचं पाणी ताजं असताना त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. नळाशी पट्टी लावली तर पीएच ७.३-७.४ दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. टँकमध्ये एअर पंपाचे बुडबुडे सुरू झाले की हा वायू उडून जातो आणि काही तासांत पीएच ८, ८.२ पर्यंत चढतो. तुम्ही झोपलेले असताना हे चालू असतं. म्हणून कुठल्याही नव्या पाण्याचा पीएच मोजायचा तर ते बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी मोजायचं. नळाखाली लगेच मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

शिवाय निऑनसारख्या माशाला १४० वरून ४३० टीडीएसवर एका तासात नेणं हाच एक धक्का आहे. माशाच्या शरीरातलं क्षारांचं गणित बाहेरच्या पाण्यावर अवलंबून असतं. ते जुळवून घ्यायला त्याला दिवस लागतात. एंजल, गोल्डफिश तगले याचं कारण ते अंगाने मोठे आणि या बाबतीत दणकट.

फिल्टर नळाखाली धुतलात त्याने दहा-बारा दिवसांत जो थोडाफार थर बसला असेल तो गेला. पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतो, तो हे आणि ते असा भेद करत नाही. टँकरच्या पाण्यातही ब्लीचिंग पावडर टाकलेली असू शकते. निळ्या औषधाचं म्हणाल तर ते मिथिलीन ब्लू असतं. अंड्यांवरची बुरशी वगैरेसाठी ते चांगलं आहे, पण वेगळ्या बादलीत. मुख्य टँकमध्ये टाकलं की ते नायट्रीकरणाचे जीवाणूही मारतं, वर कोपऱ्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. आजाराचं एकही लक्षण नसताना पाणी गढूळ झालं म्हणून औषध टाकण्याची आपल्याकडच्या दुकानांतली पद्धत मला अजिबात मान्य नाही. त्याने दरवर्षी कितीतरी नवे टँक पहिल्याच महिन्यात बंद पडतात आणि लोक कायमचे या छंदातून बाहेर जातात.

आता लगेच काय करायचं. आज आणि उद्या खाद्य पूर्ण बंद. धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, उलट तुम्ही घातलेला प्रत्येक दाणा आत्ता अमोनिया होतो. त्यानंतर एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकंच. औषध बंद. दुकानात ॲक्टिव्हेटेड कार्बन मिळतो, तो जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा, निळेपणा शोषून घेईल आणि तीन-चार दिवसांनी काढून टाका. एअर पंप चोवीस तास चालू.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच (पीएच घसरू न देणारी पाण्यातली क्षारता) या चार गोष्टी त्यात हव्यात. पट्ट्यांवर माझा भरवसा नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांत अमोनिया नसतोच. रंग दिवसा खिडकीशी उभं राहून जुळवा, पिवळ्या बल्बखाली हिरव्या छटा फसवतात. टीडीएस मीटर टाकून देऊ नका, पाणी धरणाचं की बोअरचं हे ओळखायला तो उत्तम आहे. पण त्याला अमोनिया दिसत नाही. १२० टीडीएसच्या पाण्यातही मासे मारण्याइतका अमोनिया असू शकतो. 'टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं' हा समज प्युरिफायरच्या जाहिरातींतून आपल्या डोक्यात बसला आहे, टँकच्या बाबतीत तो सोडून द्या.

अमोनिया ०.५ च्या वर दिसला तर पाणी बदलायचंच, पण रोज थोडं. दहा-पंधरा टक्के, म्हणजे तुमच्या टँकमधून एक लहान बादली. नवं पाणी धरणाचं. ते सावकाश, निदान अर्धा तास लावून घाला. यामुळे अमोनिया कमी होईल, पीएच हळूहळू खाली येईल आणि टीडीएसही एकदम पडणार नाही. क्लोरीनसाठी अँटिक्लोरीन म्हणून मिळतं ते सोडियम थायोसल्फेट बाटलीवरच्या मात्रेनुसार पाणी टँकमध्ये जाण्यापूर्वी बादलीत मिसळा. ते क्लोरीन काही सेकंदांत निकामी करतं.

आठवडा-दीड आठवड्यात अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढू लागेल. इथे अनेकांना वाटतं की संकट टळलं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असताना मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले तपकिरी पडतात. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला सात-साडेसात ग्रॅम, साधारण दीड चहाचा चमचा. आधी मगभर पाण्यात विरघळवून घ्या. इतकं मीठ सकरलाही सोसतं, वनस्पतींनाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घाला.

हा काळ कमी करायचा एक खात्रीचा मार्ग आहे. ओळखीत कुणाचा वर्षभर निरोगी चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर रिंग मागून घ्या. त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाळू देऊ नका, आणि तासा-दोन तासांत तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा मला हे कधीही जास्त भरवशाचं वाटतं. बाटलीत काय जिवंत उरलं आहे हे उन्हाळ्यात ती बाटली कुठल्या गोदामात किती दिवस पडली होती त्यावर अवलंबून असतं. मनी प्लांटच्या दोन-तीन फांद्या मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा लावल्यात तरी मदत होते, कारण झाडं अमोनियम थेट घेतात.

सर्वात चांगलं, जमलं तर, उरलेले सगळे मासे महिनाभरासाठी कुणाच्या तरी चालू टँकमध्ये ठेवायला द्या आणि रिकाम्या टँकमध्ये सायकल पूर्ण करा. त्यासाठी नवसागर वापरतात. हा तोच, कल्हईवाले भांड्यांना लावायचे तो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईचा किंवा खताचा घेऊ नका, त्यात इतर काय असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणा. दहा ग्रॅम नवसागर घेऊन त्याचं २०० मिलिलिटर द्रावण करा. लहान मुलांच्या औषधाच्या सिरिंजने त्यातलं १० मिलिलिटर टँकमध्ये सोडलं की तुमच्या ७५ लिटरमध्ये अमोनिया साधारण २ मिलिग्रॅम होतो. तो शून्यावर आला की पुन्हा तितकंच सोडायचं. ज्या दिवशी सोडलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होईल आणि नायट्राइटही शून्य दिसेल, त्या दिवशी टँक तयार. मग साठलेलं नायट्रेट काढण्यासाठी बरंचसं पाणी बदला आणि दोन दिवसांत मासे आणा, नाहीतर जीवाणू उपाशी राहतात. या काळात हीटर २७-२८ अंशांवर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या घरात टँकचं पाणी सहज २०-२१ पर्यंत उतरतं आणि तेवढ्या थंडीत हे काम रेंगाळतं. तुमच्या टँकला ७५ किंवा १०० वॉटचा हीटर पुरतो.

आता एक इशारा, जो तुम्हाला आत्ता लागू नाही पण पूर्ण धरणाच्या पाण्यावर आलात की लागू होईल. हलक्या पाण्याचा पीएच सौम्य असतो खरा, पण त्याला आधार कमी असतो. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पूर्ण बदलायला पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. बोअरच्या पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. धरणाच्या पाण्यात ती दीड-दोन महिन्यांत संपू शकते. मग पीएच ६ च्या आसपास घसरतो, जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि व्यवस्थित चाललेल्या टँकमध्ये अमोनिया पुन्हा दिसू लागतो. म्हणून किटमध्ये केएच हवं असं म्हटलं. ते ३ च्या खाली गेलं तर खाण्याचा सोडा घाला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा केएच एकने वाढवतो, तुमच्या टँकला सव्वादोन ग्रॅम, अंदाजे अर्धा चमचा. एका दिवशी यापेक्षा जास्त नको. टँकमध्ये अमोनिया असेल तर आधी तो काढा आणि मग सोडा घाला, कारण सोड्याने पीएच चढणार. कायमचा उपाय म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवतात, ती लागेल तशी विरघळत राहते. आरओचं पाणी टँकमध्ये घालू नका, त्यात ही क्षारता जवळपास नसते. आरओचं वाया जाणारं पाणी तर नकोच, त्यात क्षार एकवटलेले असतात. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर त्याने कॅल्शियम जाऊन त्याजागी सोडियम येतो, टीडीएस आणि पीएच तसेच राहतात, त्यामुळे 'सॉफ्ट पाणी' या शब्दावर जाऊ नका.

तुमच्या घरच्या परिस्थितीत खरा इलाज आहे एक पिंप. शंभर लिटरचं, झाकणाचं, खाद्यपदार्थांसाठी चालेल असं प्लास्टिकचं. गॅलरीत सावलीला ठेवा. टीडीएस मीटर नळाखाली धरा, आकडा २०० च्या आत असेल त्या दिवशी ते भरून घ्या. आत एक एअर स्टोन सोडा. दिवसभरात क्लोरीन उडतो, पीएच स्थिर होतो, पाणी खोलीच्या तापमानाला येतं. मग आठवड्याचा पाणीबदल फक्त या पिंपातून. गुरुवारी पाणी बंद असलं किंवा शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने आलं तरी टँकला त्याची झळ लागत नाही. बंदनंतरचं पहिलं पाणी तसंही घेऊ नये, रिकाम्या झालेल्या वाहिन्यांतला गाळ त्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये धरणात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचं प्रमाणही वाढलेलं असू शकतं. त्या दोन महिन्यांत पिंपातल्या पाण्यालाही अँटिक्लोरीन घालत जा.

आणि समजा तुमच्या सोसायटीत वर्षातले आठ महिने टँकरच येत असेल, तर धरणाच्या पाण्यामागे धावू नका. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल अतिशय छान राहतात. मॉली तर हलक्या पाण्यात कुढतात. पाणी बदलून माशांना साजेसं करण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे निवडणं हे मी केव्हाही पसंत करेन.

पाण्याचे इतर रंग घाईघाईने सांगतो. पहिल्या दिवसापासून धुरकट असेल तर खडे नीट धुतले गेले नव्हते. चहाच्या रंगाचं झालं तर लाकडातला टॅनिन, निरुपद्रवी. हिरवं झालं तर खिडकीतलं ऊन किंवा दिवसाचे दहा-बारा तास चालणारा दिवा, सहा-सात तासांवर आणा. काचेवर तपकिरी भुरका थर येतो तो नव्या टँकमध्ये येतोच, बोटाने पुसला जातो. रंगीत खडे, शंख-शिंपले, संगमरवरी चिप्स टँकमध्ये असतील तर एक बाहेर काढून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर ते पीएच वाढवणारं आहे. निऑन ठेवायचे असतील तर काढून टाका.

यापुढे फिल्टरचा स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच. महिन्यातून एकदा, दोनदा पिळला की पुरे. तो थोडा तपकिरी, बुळबुळीत असायलाच हवा. वीज चार-पाच तास गेली तर बंद डब्याचा कॅनिस्टर असेल त्याने आतलं पाणी ओतून मगच पुन्हा चालू करावा, प्राणवायूशिवाय आतले जीवाणू मरून सडायला लागतात. उघड्या स्पंज फिल्टरला एवढी भीती नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मात्र घरात असू द्या.

माशांच्या निवडीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण ही जोडी मुळातच जमणारी नव्हती. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, खातो भरपूर, घाण भरपूर करतो. दोन गोल्डफिशना तुमचा अख्खा टँक अपुरा आहे. सकर आज तीन इंचांचा आहे, तो फूट-दीड फुटाचा होतो, आणि शेवाळ खातो म्हणून पाणी स्वच्छ करतो हा समज चुकीचा आहे, त्याची विष्ठा सर्वात जास्त. दुकानदार परत घेत असेल तर हे तिन्ही मासे या आठवड्यात परत करा. नदीत किंवा तळ्यात सोडू नका. सकर परदेशी आहे आणि आपल्या पाण्यात रुजला की स्थानिक माशांच्या मुळावर येतो. एंजल मोठे झाले की उरलेले निऑन गिळतील, शिवाय त्यांना यापेक्षा उंच टँक लागतो, तेव्हा दोन्हीपैकी एक ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर एंजल दिले असते. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसल्यावर आधी पाच-सहा निऑन आणून कळप पूर्ण करायचा, पुढचे दोन आठवडे मोजत राहायचं, आणि मग तळाशी फिरणारे सहा कोरिडोरास. मीठ घातलेलं असेल तर ते तोवर पाणीबदलातून निघून गेलेलं असू द्या. ७५ लिटरला एवढे पुरेत.

किट हातात आलं की टँकचे, नळाच्या पाण्याचे आणि रात्रभर हवा दिलेल्या नळाच्या पाण्याचे असे तिन्ही आकडे लिहून पाठवा, म्हणजे पाणी रोज किती बदलायचं ते नेमकं सांगता येईल.